कानाचा सर्जन कुणावर शिकतो?



संयोजकांनी या वेळचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "कानाचे सर्जन शिकतात कसे, आणि ते शिकले हे ठरवतात कसं, यावर बोलतो." फोनवर क्षणभर शांतता. मग पलीकडून आवाज आला, "सर, पण तुमचा विषय तत्त्वज्ञान ना?" प्रश्न रास्त आहे. चाळीसेक वर्षं मी वर्गात प्लेटो, कांट आणि शंकराचार्य शिकवले. आयुष्यात हातात ड्रिल धरलं ते एकदाच, भिंतीत खिळा मारायला, आणि तेव्हाही अर्धं प्लास्टर खाली आलं. (हशा)

तरी हा विषय घ्यायला दोन कारणं आहेत. एक तात्त्विक आहे. हाताचं कौशल्य म्हणजे ज्ञान का, ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं कसं, आणि ते आलं आहे हे तिसऱ्याने ओळखायचं कसं, हे आमच्या शास्त्रातले फार जुने प्रश्न आहेत. कानाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात ते जितके स्पष्ट दिसतात तितके मला दुसरीकडे कुठे दिसले नाहीत. दुसरं कारण घरगुती आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतोय हे तुम्हाला कळेल.

माझी मोठी बहीण, आक्का. लहानपणापासून तिचा डावा कान वाहायचा. तेव्हा घरोघरी असं एखादं मूल असे. 'कान फुटला' म्हणायचे, लसणीचं तेल सोडायचे, कापसाचा बोळा ठेवायचे. ती सतरा वर्षांची असताना ताप, चक्कर, डोकेदुखी असं सगळं एकदम सुरू झालं. वडिलांनी तिला मोठ्या गावी नेलं, कानामागचं हाड उघडून ऑपरेशन झालं आणि ती वाचली. हे पहिल्यांदा सांगतो, कारण त्या काळी कानाचा पू मेंदूपर्यंत जाऊन मुलं दगावत. पण शुद्धीवर आली तेव्हा तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हलत नव्हती. डोळा मिटेना, पाणी पिताना ओठातून ओघळ येई. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढे तिचं लग्न झालं, संसार चांगला झाला, पण घरातल्या एकाही फोटोत ती समोर बघत नाही. मान वळवूनच उभी.

ते रुग्णालय कुठलं, डॉक्टर कोण, हे सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी तिचा जीव वाचवला. पण पुढे मला सतत एक प्रश्न पडत राहिला. त्या डॉक्टरांनी असं ऑपरेशन त्याआधी कितीदा केलं असेल? आणि पहिल्यांदा केलं ते कुणावर?

आता जरा हात कानामागे न्या. जे टणक टेंगूळ लागतं ते मास्टॉइड. शंखास्थी नावाच्या हाडाचा हा भाग. आतून तो भरीव नसतो. मधाच्या पोळ्यासारख्या हवेच्या बारीक बारीक खोल्या असतात. या हाडाचा जो भाग आत डोक्याच्या तळाशी जातो, तो आपल्या शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी एक. त्यात ऐकण्याचं इंद्रिय आहे, गोगलगाईच्या शंखासारखं वळलेलं. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं, त्यातली रिकीब जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची. वर पातळ छत आणि त्याच्या वर मेंदूचं आवरण. मागच्या बाजूला मेंदूतलं रक्त खाली आणणारी मोठी शीर. पुढे आत मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी. आणि या सगळ्यातून वाट काढत, हाडाच्या नळीतून वळणं घेत जाते ती चेहरा हलवणारी नस, साधारण एक मिलिमीटर जाडीची.

म्हणजे सर्जनला काय करायचं असतं? आजारी हाड कोरून काढायचं आणि यातल्या कशालाही धक्का लावायचा नाही. पोटाच्या ऑपरेशनमध्ये अवयव बाजूला सरकवता येतो. इथे काहीच सरकत नाही. सगळं हाडात बसवलेलं आहे, आणि हाड कोरेपर्यंत आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ते आधीच माहीत असावं लागतं. आणि नुसतं माहीत असून भागत नाही, ते हाताला माहीत असावं लागतं.

'हाताला माहीत असणं' हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केला. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्याने अमुक गोष्ट खरी आहे हे माहीत असणं आणि अमुक गोष्ट कशी करायची हे येणं, या दोहोंत फरक केला. पोहण्याचं पुस्तक पाठ असलेला माणूस बुडू शकतो, हे आपल्या आज्ज्याही सांगत. राइलचं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढे होतं. करता येणं हे माहिती असण्याचं दुय्यम रूप नाही, ती स्वतंत्र प्रकारची बुद्धी आहे. मायकेल पोलान्यीने १९५८च्या 'पर्सनल नॉलेज'मध्ये आणखी पुढची गोष्ट मांडली. कुशल माणसाला स्वतःला जितकं येतं तितकं सगळं शब्दांत सांगता येत नाही. म्हणून असं ज्ञान गुरूच्या शेजारी बसून, करून, चुकून घ्यावं लागतं.

चुकून घ्यावं लागतं, इथे खरी अडचण आहे. सुतार चुकला तर लाकूड वाया जातं. कानाचा सर्जन चुकला तर काय वाया जातं ते मी आत्ताच सांगितलं.

ही अडचण आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, योग्यासूत्रीय. 'योग्या' म्हणजे सराव, आजच्या भाषेत सिम्युलेशन. कुठली क्रिया कशावर शिकायची याची तिथे चक्क यादी आहे. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. शीर उघडायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. आत अडकलेलं काढण्याचा सराव फणसाच्या गऱ्यातून आठळी काढून. टाके घालायला कापड आणि मऊ कातडं. पट्टी बांधायला माणसाचा पुतळा. आणि आजच्या विषयाला धरून सांगायचं तर, फाटलेली कानाची पाळी जोडण्याचा सराव मऊ मांसाच्या तुकड्यावर आणि कमळाच्या देठावर करावा, असंही त्यात आहे. हे बाह्य कानाचं काम, आतल्या हाडाचं नव्हे, हे लक्षात ठेवा. उगाच 'आपल्याकडे सगळं होतंच' म्हणायला नको. पण तत्त्व तेच आहे: जिवंत माणसाच्या आधी दुसऱ्या कशावर तरी.

शारीरस्थानात मृतदेह अभ्यासण्याची पद्धतही आहे. शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग कुंचल्याने हळूहळू खरवडत एकेक थर बघायचा. आणखी एक गोष्ट सुश्रुत सांगतो, जी राइलला आवडली असती. नुसतं शास्त्र जाणणारा पण कर्मात न मुरलेला वैद्य रोग्यासमोर गेला, की रणांगणावरच्या भित्र्या माणसासारखा गोंधळतो. नुसतं कर्म येणारा आणि शास्त्र न जाणणारा, तोही त्याला चालत नाही.

युरोपात या हाडाचं ज्ञान सोळाव्या शतकात इटलीत उभं राहिलं. व्हेसालियसचा मोठा ग्रंथ १५४३चा. चेहऱ्याच्या नसेची हाडातली नळी आजही फॅलोपियोच्या नावाने ओळखली जाते. त्याचं पुस्तक १५६१चं. वाल्साल्व्हाने बोलोन्यात कानावरचा ग्रंथ १७०४ साली काढला. ही मंडळी मृतदेहांवर शिकली, पण जाणून घेण्यासाठी. शस्त्रक्रियेची रंगीत तालीम हा त्यांचा उद्देश नव्हता.

कानामागचं हाड उघडून पू काढण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात सुरू झाले. फ्रान्समध्ये झाँ-लुई पती याने ते यशस्वीपणे केलं. मग १७९१ साली एक घटना घडली. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य, बॅरन बर्गर, यांना बहिरेपण होतं आणि कानात सतत आवाज येत. त्यांनी स्वतःच आग्रह धरून आपलं मास्टॉइड उघडून घेतलं. कानात पू नव्हता, त्या तक्रारीवर हे ऑपरेशनच चुकीचं होतं. थोड्याच दिवसांत मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होऊन ते गेले. त्यानंतर ही शस्त्रक्रिया इतकी बदनाम झाली, की अर्ध्या शतकाहून जास्त काळ चांगले सर्जन तिच्या वाटेला जाईनात. एका नामांकित माणसाचा मृत्यू झाला आणि एक उपयोगी विद्या बंद पडली. त्या काळात पू मेंदूत जाऊन जी मुलं मेली, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. शिकण्याची सुरक्षित जागा नसली की माणसं दोन्हीकडून मरतात, केल्यामुळे आणि न केल्यामुळे.

ही कोंडी १८७३ साली फुटली. जर्मनीत हॅले इथे हर्मान श्वार्त्झे याने आपला सहकारी आयझेल याच्यासह हे ऑपरेशन कधी करायचं आणि कसं करायचं याची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली. हत्यारं म्हणजे छिन्नी आणि हातोडी. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आडाम पोलिट्झर आणि योझेफ ग्रुबर यांच्या हाताखाली कानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पोलिट्झरकडे देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येत. त्याने शंखास्थीचा मोठा संग्रह केला आणि १८८९ साली मानवी श्रवणेंद्रियाचं विच्छेदन कसं करायचं याचं पुस्तकच लिहिलं. म्हणजे कानाचं हाड हातात घेऊन पायरीपायरीने उघडणं, हा आता अभ्यासक्रम झाला.

इथे थांबून एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. ही हाडं कुणाची होती? व्हिएन्नात शवविच्छेदनाची मोठी परंपरा होती. सार्वजनिक रुग्णालयात मरणाऱ्या गरिबांचे देह विच्छेदनाच्या टेबलावर जात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ब्रिटनमध्ये तर १८२८ साली एडिनबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी मृतदेह विकण्यासाठी एकूण सोळा माणसं मारली. गिऱ्हाईक होता शरीररचनाशास्त्राचा एक नामवंत शिक्षक. त्या गदारोळानंतर १८३२ साली कायदा आला, आणि बेवारस, अनाथालयात मेलेल्या गरिबांचे देह शिक्षणासाठी देता येऊ लागले. चोरी थांबली, पण भार गरिबांवरच राहिला.

त्याच १८३२ साली आमच्या व्यवसायबंधूने एक गोष्ट केली. जेरेमी बेंथम, उपयुक्ततावादाचा प्रणेता. त्याने आपला देह विच्छेदनासाठी लिहून ठेवला होता. जूनमध्ये तो वारला आणि त्याच्या मित्राने, डॉक्टर साउथवुड स्मिथने, जमलेल्या लोकांसमोर त्याचं विच्छेदन केलं. त्याचा सांगाडा कपडे घालून आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसलेला आहे. लोक त्याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला तो तत्त्वज्ञानातल्या थोड्या प्रामाणिक कृत्यांपैकी एक वाटतो. जे इतरांना सांगितलं ते स्वतःच्या देहाने केलं.

आपल्याकडे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली शवविच्छेदन केलं, तेव्हा तो मोठा सामाजिक धक्का होता. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं. बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याबाबतचा मुंबई प्रांताचा कायदा १९४९चा. तो इंग्लंडच्याच वळणाचा. पुढे देहदानाची चळवळ आपल्या महाराष्ट्रात चांगली रुजली, त्याकडे शेवटी येतो.

विसाव्या शतकात तीन गोष्टी बदलल्या. पहिली, सूक्ष्मदर्शक. स्टॉकहोममध्ये कार्ल-ओलोफ न्यूलेन याने १९२१ साली शस्त्रक्रियेसाठी तो प्रथम वापरला, आणि १९५३ साली झाइस कंपनीचा प्रसिद्ध मायक्रोस्कोप आला. दुसरी, छिन्नी-हातोडी जाऊन दंतवैद्याच्या धर्तीचं फिरतं ड्रिल आलं. तिसरी, १९३०च्या दशकात सल्फा औषधं आणि १९४०च्या दशकात पेनिसिलिन. जिथे ही औषधं पोचली तिथे पू होऊन करावी लागणारी ऑपरेशनं झपाट्याने कमी झाली. रोग्यांच्या दृष्टीने हे वरदानच. पण शिक्षणाच्या दृष्टीने पाहा: पूर्वी तरुण डॉक्टर रोज एक हाड उघडत असे, आता महिन्यातून एखादं मिळणार. आणि जी उरली ती जास्त नाजूक. १९५६ साली मेम्फिसमध्ये जॉन शे याने घट्ट बसलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची बसवली आणि बहिरं माणूस ऐकू लागलं. तीन मिलिमीटरच्या हाडाशी खेळ. हे काम पहिल्यांदा जिवंत माणसावर शिकायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

मग प्रयोगशाळा अपरिहार्य झाली. लॉस एंजलिसमध्ये विल्यम हाउस नावाचा डॉक्टर होता, मूळचा दंतवैद्य, नंतर कानाचा सर्जन. ऐकण्याच्या नसेवर होणारी गाठ तेव्हा डोक्याच्या मागून काढत. त्यात माणूस दगावायचा, नाहीतर चेहरा वाकडा व्हायचा. हाउसने मायक्रोस्कोप आणि ड्रिल घेऊन शवागारात तळ ठोकला. मृतदेहांच्या शंखास्थी कोरत कोरत त्याने कानातूनच गाठीपर्यंत जाण्याचा मार्ग शोधला. १९६०च्या दशकात ती शस्त्रक्रिया रूढ झाली. त्यात सर्वांत मोठी कमाई कोणती, तर चेहऱ्याची नस आधी ओळखून वाचवता येऊ लागली. याच माणसाने १९६१ साली कॉक्लियर इम्प्लांट बसवण्यास सुरुवात केली.

माझी आक्का टेबलावर होती तो काळ साधारण हाच. एकीकडे लॉस एंजलिसच्या शवागारात कुणीतरी ती नस वाचवण्याचा रस्ता शोधत होतं, आणि इकडे एका गावात कुणीतरी तो रस्ता माहीत नसताना आत शिरत होतं. दोघेही माझ्या मते सज्जन. फरक एवढाच, की एकाला मृतांकडून शिकण्याची सोय होती.

आता दुसरा भाग, परीक्षा. हा भाग मला शिक्षक म्हणून जास्त भावतो, कारण आयुष्यभर मी उत्तरपत्रिका तपासल्या.

शस्त्रक्रियेची परीक्षा जुन्या पद्धतीत कशी होई? गुरू म्हणे, "बरा आहे हा, करू दे आता." बस. कशावरून बरा, ते गुरूलाही सांगता येत नसे. पोलान्यीच्या भाषेत हे न सांगता येणारं ज्ञान. पण त्यात वशिला, नावडता-आवडता, आडनाव, सगळं मिसळून जाऊ शकतं. टोरांटोत १९९०च्या दशकात सर्जनांच्या कौशल्याची एक रीतसर परीक्षा तयार झाली, ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिचे दोन भाग. एक चेकलिस्ट: ही पायरी केली, ही नाही केली. दुसरा, एकंदर मोजपट्टी: ऊतींना जपून हाताळतो का, हात वायफळ फिरतात का, पुढची पायरी त्याला ठाऊक आहे का. गंमत अशी, की अनुभवी परीक्षकाच्या हाती चेकलिस्टपेक्षा एकंदर मोजपट्टी जास्त विश्वासार्ह ठरते, असं त्याच परंपरेतल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे जाणत्याची नजर फेकून द्यायची नाही. तिला शिस्त लावायची.

कानाच्या बाबतीत मृताच्या हाडाचा एक विलक्षण फायदा आहे. जिवंत रोग्याचं ऑपरेशन झालं की जखम शिवली जाते. आत काय झालं ते करणाऱ्यालाच ठाऊक, कधी कधी त्यालाही नाही. प्रयोगशाळेतलं हाड मात्र टेबलावर राहतं. ते उत्तरपत्रिकेसारखं तपासता येतं, आणि विद्यार्थ्याचं नाव झाकून तपासता येतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातली 'वेलिंग स्केल' ही तपासयादी अशीच आहे. त्यात ३५ मुद्दे, प्रत्येकाला हो किंवा नाही. मेंदूकडचं छत पातळ केलं पण फोडलं नाही ना? मागच्या शिरेवरचं हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ केलं आणि शीर शाबूत आहे ना? कानाच्या पोकळीची भिंत राखली का? चेहऱ्याची नस ओळखली, पण उघडी पाडली नाही ना? ही यादी वेगवेगळ्या परीक्षकांच्या हाती सारखंच उत्तर देते का, हेही तपासलं गेलं, आणि २००७ साली ते प्रसिद्ध झालं. परीक्षकाचीही परीक्षा! आमच्या विद्यापीठात हे सुचवायची माझी छाती झाली नसती. (हशा)

पण यातही खोच आहे. अंतिम हाड सुबक दिसतं, म्हणून करणारा सुरक्षित आहे असं ठरत नाही. ड्रिल नसेपासून केसाच्या अंतरावरून तीनदा घसरलं आणि नशिबाने लागलं नाही, हे हाडावर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून काही ठिकाणी, उदाहरणार्थ जॉन्स हॉपकिन्समध्ये, करताना पाहून गुण देण्याची पद्धत बसवली. ड्रिल नसेला समांतर चालवतो की आडवं? खोल जाताना पाणी पुरेसं सोडतो का, की हाड तापतंय? योग्य वेळी दातेरी टोक काढून हिऱ्याच्या भुकटीचं मऊ टोक लावतो का? फल आणि कर्म, दोन्ही तपासायला हवीत. 'फळाची अपेक्षा करू नकोस' हे साधकाला ठीक आहे, परीक्षकाला नाही.

दुसरी खोच न्यायाची. प्रत्येक माणसाचं हाड वेगळं. एकाच्या खोल्या मोठ्या आणि मोकळ्या, दुसऱ्याचं हाड गच्च आणि शीर पुढे आलेली. दोन विद्यार्थ्यांना दोन हाडं दिली म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका दिल्या. शिवाय जतन केलेलं हाड रक्त देत नाही, नस दुखावली तर समोरचा चेहरा आक्रसत नाही, आणि मुख्य म्हणजे भीती नसते. मृतावर उत्तम करणाऱ्याचा हात जिवंतावर थरथरू शकतो. म्हणून हे हाड म्हणजे पहिला उंबरठा. तो ओलांडल्यावरही गुरू शेजारी उभा लागतोच.

मग संगणक आला. हॅम्बुर्गमध्ये आणि कोपनहेगनमध्ये आभासी शंखास्थीवर ड्रिल चालवण्याची यंत्रणा तयार झाली. हाताला हाडाचा विरोधही जाणवतो. थ्री-डी छपाईची हाडंही निघाली. यात प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच देता येते, कितीही वेळा. कोपनहेगनच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली, जी प्रत्येक आईला माहीत आहे: एका दिवसात सगळा सराव उरकण्यापेक्षा तोच सराव दिवसांच्या अंतराने केला तर जास्त मुरतो. आणि आधी संगणकावर हात बसवून आलेला विद्यार्थी खऱ्या हाडावर चांगलं करतो.

तर मग मृतदेहांची गरज संपली का? मलाही असंच वाटलं होतं. पण ती कोपनहेगनची यंत्रणा कशी बनली ते वाचलं आणि गप्प झालो. एका मृत व्यक्तीची गोठवलेली शंखास्थी घेऊन, तिचे अतिशय पातळ थर कापत, प्रत्येक थराचं छायाचित्र काढून, त्यातून ती उभी केली आहे. जगभरचे विद्यार्थी ज्या आभासी हाडावर चुका करतात, ते हाड कुणाचं तरी होतं. म्हणजे यंत्राच्या तळाशीही एक माणूस आहेच.

आता शेवटचा मुद्दा. कांटने १७८५ साली म्हटलं, की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. विद्यार्थी तिथे 'केवळ' हा शब्द गाळतात आणि मी गुण कापतो. आपण एकमेकांना साधन म्हणून वापरतोच. मी आत्ता तुमचे कान वापरतोय. प्रश्न 'केवळ'चा आहे. व्हिएन्नाचा गरीब, बेवारस कायद्याखालचा देह, यांना कुणी विचारलं नाही, म्हणून ते केवळ साधन झाले. ज्याने समजून उमजून देह लिहून दिला, तो साधन होतो, पण स्वतःच्या निर्णयाने. तो मेल्यावरही त्या वर्गातला एक सहभागी असतो. माझ्या मते शिक्षकच असतो.

आपल्याकडे देहदानाची गोष्ट निघाली की दधीचींचं नाव घेतात. त्यांनी हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं. कथा सांगताना आपण वज्रापाशी जास्त रेंगाळतो. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: देव त्यांच्याकडे मागायला गेले होते. मागितलं, आणि त्यांनी दिलं.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तत्त्वज्ञान सोडून त्याने पुढे वैद्यकी केली, आता कानाची ऑपरेशनं करतो. त्याला आक्काची हकिगत सांगितली आणि विचारलं, "अरे, डॉक्टरांची छिन्नी लागली असेल का?" त्याने विचार केला आणि म्हणाला, "सर, सांगता येणार नाही. त्या आजारात हाड कुरतडलं जातं, कधी नसेची नळी आजारानेच उघडी पडलेली असते. अशा वेळी चांगल्या सर्जनलाही ती ओळखणं कठीण." मग जरा थांबून म्हणाला, "माझं पहिलं ऑपरेशन करण्याआधी मी मृतांची अकरा हाडं कोरली होती. चौथ्या हाडात मी ती नस कापली. त्या रात्री झोपलो नाही. पण ती कुणाच्या चेहऱ्याची नव्हती."

मी त्याला म्हटलं, "होती रे. चेहरा होता तिला. फक्त त्या माणसाने तुला माफ करून ठेवलं होतं." तो काही बोलला नाही. अकरापैकी किती हाडं दान केलेल्यांची होती आणि किती बेवारसांची, हेही मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. ते माहीत असायला हवं, एवढंच माझं आजच्या वैद्यकीय शिक्षणाकडे मागणं आहे.

आक्का चार वर्षांपूर्वी गेली. तिने देहदानाचा फॉर्म स्वतः भरला होता, आम्हाला न विचारता. सही करताना तिने मुलाला एकच गोष्ट सांगितली होती, "डावा कान नीट बघा म्हणावं त्यांना." देह वेळेत कॉलेजला पोचला. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही आणि कळण्याची पद्धतही नसते. पण कुणीतरी मायक्रोस्कोपखाली ते हाड पाहिलं असेल, साठ वर्षांपूर्वीची ती पोकळी आणि ती नस पाहिली असेल, आणि काय झालं होतं ते त्याला कळलं असेल, अशी मी कल्पना करतो. मीही फॉर्म भरला आहे. माझे दोन्ही कान धड आहेत, त्यामुळे प्रश्नपत्रिका सोपी जाईल.

वेळ झाली. प्रश्न असतील तर जरूर विचारा. वैद्यकीय प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारा.